पदकाआधीचा पैसा

भेंडवळची घटमांडणी अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी होते आणि दुसऱ्या दिवशी पहाटे भाकीत सांगितले जाते. पाऊस किती, कपाशी कशी, राजाची गादी स्थिर की डळमळीत, सारे काही कळते. पण एका वर्षापुरतेच. बुलढाणा जिल्ह्याने भविष्याची उधारी एवढीच ठेवली आहे. अमेरिकेतल्या आइस हॉकीच्या मालकांना हा संयम कुठला!

न्यूयॉर्क आयलँडर्स या संघाने 2006 मध्ये रिक डीपिएत्रो या गोलरक्षकाशी 15 वर्षांचा, पावणेसात कोटी डॉलरचा करार केला. पोरगा तेव्हा पंचविशीचा. पुढे खुबा, गुडघा, डोके असे एकेक अवयव करारातून अंग काढून घेऊ लागले. 2013 मध्ये संघाने त्याला मोकळे केले. संघ मात्र मोकळा झाला नाही. 2029 पर्यंत दरसाल 15 लाख डॉलर द्यायचे, तेही न खेळण्याचे. त्याच वर्षी लीगने कराराची कमाल मुदत 8 वर्षांवर आणली.

आपली हॉकी सावध. हॉकी इंडिया लीगच्या 2024 मधल्या लिलावात हरमनप्रीत सिंगला सूरमा क्लबने 78 लाख रुपये मोजले, तोवर टोकियो आणि पॅरिसची दोन कांस्यपदके त्याच्या गळ्यात पडली होती. माल पारखून घेतलेला, हंगाम जेमतेम सव्वा महिन्याचा. यात बुडायचे काय?

सरकारी तिजोरी तर याहून चतुर. कागदावर खेळाडू घडवण्याची भाषा आहे, 'मिशन लक्ष्यवेध'सारखी योजनाही आहे. पण मोठा धनादेश, थेट नोकरी आणि हार-तुरे निघतात ते पदक आल्यावर. तोट्याचा धोका शून्य. तो धोका त्याआधीच कुणाच्या तरी घरच्यांनी पत्करलेला असतो.

बुलढाण्याचा प्रथमेश जावकर पाहा. मे 2023 मध्ये शांघायच्या विश्वचषकात या 19 वर्षांच्या तिरंदाजाने जगातल्या अव्वल माइक श्लोएसरला 149-148 असे हरवले. ऑक्टोबरमध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सांघिक सुवर्ण आले. त्याचा कंपाउंड प्रकार तेव्हा ऑलिंपिकमध्ये नव्हताच. 2028 च्या लॉस एंजेलिससाठी त्यातली मिश्र सांघिक स्पर्धा घेण्याचे ठरले, ते 2025 मध्ये. म्हणजे जावकर शाळकरी असताना त्याच्यावर पैसे लावणाऱ्याला ऑलिंपिकचे गाजरसुद्धा दिसत नव्हते. दीर्घ मुदतीचा करार म्हणतात तो हा.

असा करार महाराष्ट्रात झालेला आहे. पैलवान खाशाबा जाधवांना हेलसिंकी ऑलिंपिकला धाडण्यासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण टाकून 7,000 रुपये उभे केले. 1952 चे कांस्य त्यातून आले. पोलिसांतली नोकरी मिळायला 1955 उजाडले.

तेव्हा महागडा करार परवडतो का, हा प्रश्न अर्धाच आहे. तो कधी केला, हे आधी विचारावे. डीपिएत्रोवर उधळलेल्या पैशाच्या चिमूटभर भागात बुलढाणा जिल्ह्यातल्या पंचवीस पोरांना पाच वर्षांची हमी देता येईल: साधने, प्रशिक्षक, खुराक, प्रवासभाडे. त्यातली बहुतेक पदकाविना परततील आणि लेखापरीक्षक 'निष्फळ खर्च' असा शेरा मारील. तो शेरा अंगावर घ्यायला तयार असलेला अधिकारी सापडला, तर दीर्घ मुदतीचा पहिला करार त्याच्याशीच करावा. एरवी तीन वर्षांत त्याची बदली ठरलेली.