तपासणी बायकोची, नवऱ्याची कधी?

१ डिसेंबर आला की शहापुरात रॅली, मुरबाडला रॅली. लाल फीत, शाळेची पोरं, घोषणा, शपथ, ग्रुप फोटो. फोटो माझ्याकडेही येतात, 'साहेब, जरा मोठी लावा बातमी' म्हणून. लावतो. पण मंडळी, आज जरा बातमीच्या बाहेरचं लिहितो. लांब आहे, तरी वाचा.

आपल्या शेणवा, किन्हवली, डोळखांब पट्ट्यातल्या पाड्यांवर एचआयव्हीची तपासणी नेमकी कुणाची होते? गरोदर बाईची. नाव नोंदवलं की हिमोग्लोबिनसोबत तीही तपासणी होते. चांगलंच आहे. उपचार नसतील तर आईकडून बाळाला लागण व्हायचा धोका १५ ते ४५ टक्के असतो. वेळेत गोळ्या सुरू झाल्या तर तो ५ टक्क्यांच्या आत येतो. या तपासणीने कितीतरी लेकरं वाचलीत, तिच्याविरुद्ध माझा एक शब्द नाही.

माझा सवाल वेगळाच आहे. घरात पहिला कागद येतो तो सुनेच्या नावाने, मग साहजिकच बोट तिच्याकडे. 'हिनेच आणलं.' भांडी वेगळी, अंथरूण वेगळं, बाळंतपणाच्या नावाखाली माहेरी रवानगी. नवरा? तो तपासलेलाच नाही! ज्याचं रक्त कुणी बघितलंच नाही तो निर्दोष, आणि सरकारने बोलावलं म्हणून जी गेली ती गुन्हेगार. असली घरं मी पाहिलीत. नाव, गाव, पाडा काही सांगणार नाही, विचारूही नका.

बरं, नवऱ्याला तपासायचं तर तो सापडणार कुठे? पहाटे आसनगाव लोकलमध्ये, दिवसभर भिवंडीच्या गोदामात, रात्री नाशिक महामार्गावर ट्रकच्या केबिनमध्ये. दिवाळी झाली की उचल घेतलेलं सगळं कुटुंबच वीटभट्टीवर, ते पावसाळ्याच्या तोंडावर परत. तपासणी केंद्र उघडं असतं तेव्हा हा माणूस कामावर. यायचं तर खाडा पडतो, वर जीपचं भाडं. आणि यायचं कशासाठी? एचआयव्ही अंगात असूनही माणूस सात-आठ वर्षं धडधाकट दिसू शकतो. 'मला काय झालंय?' म्हणणारा खोटं बोलत नसतो, त्याला खरंच माहीत नसतं.

हे 'माहीत नसणं'च महाग पडतंय. देशात सुमारे २५ लाख लोक एचआयव्हीसह जगतात आणि त्यांची सर्वाधिक संख्या आपल्या महाराष्ट्रात आहे. सरकारी अंदाजच सांगतो की दर शंभरातल्या जवळपास वीस जणांना आपल्याला लागण आहे हेच ठाऊक नाही. ज्याला ठाऊक आहे आणि जो रोज गोळी घेतो, त्याच्या रक्तातला विषाणू इतका दबतो की शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. हे मी मनाचं सांगत नाही. नऊ देशांतल्या १,७६३ जोडप्यांचा अभ्यास झाला, त्यात आपल्या पुण्याची 'नारी' संस्थाही होती. २०११ साली निकाल आला: लवकर औषध दिल्याने जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटली. भारतात गोळ्या २००४ पासून मोफत आहेत. २०१७ पासून तर निदान झालं की लगेच उपचार, पांढऱ्या पेशी कमी व्हायची वाट बघायची नाही. म्हणजे औषध आहे, पैसे लागत नाहीत, धोरणही आहे. मग अडलंय कुठे? शेवटच्या दहा-बारा किलोमीटरवर.

म्हणून म्हणणं एवढंच की तपासणी पाड्यावर न्या. संध्याकाळी न्या, रविवारी न्या, भट्टीवर न्या. बोटाला सुई टोचली की वीसेक मिनिटांत प्राथमिक निकाल कळतो. संशय आला तर पक्की तपासणी केंद्रात होते. पण कृपा करून चौकात मांडव टाकून 'एड्स तपासणी शिबिर' असा बॅनर लावू नका. त्या मांडवात पाय कोण ठेवील? पुढाऱ्याचा फोटो तेवढा निघेल. बीपी, साखर, टीबी, हिमोग्लोबिन या सगळ्यांत ही एक तपासणी ठेवा. युगांडा-केनियाच्या खेड्यांत असंच केलं, जे जत्रेला आले नाहीत त्यांच्या घरी गेले, तेव्हा नव्वद टक्क्यांच्या आसपास प्रौढांची तपासणी झाली. तिथली खेडी काही आपल्यापेक्षा श्रीमंत नाहीत.

आणखी एक, जे बैठकीत कुणी बोलत नाही. आशाताई आपलीच असते, म्हणजे कुणाची तरी जाऊ, कुणाची नणंद. तिने लोकांना बोलवावं, समजवावं. पण सुई टोचणारा आणि निकाल सांगणारा माणूस बाहेरचा हवा. नाहीतर दोन तासांत पाणवठ्यावर चर्चा.

आता काही जण म्हणणार, 'भट्टीवाल्यांची सक्तीने करा ना तपासणी!' अजिबात नाही. २०१७ चा कायदा संमतीशिवाय तपासणी करू देत नाही, निकाल उघडही करू देत नाही. आणि सक्तीचं काय होतं ते गोव्याने १९८९ मध्ये दाखवलंय. डॉमिनिक डिसोझा नावाचा तरुण रक्तदान करायला गेला, लागण आहे कळल्यावर त्याला ६४ दिवस डांबून ठेवलं. असं झाल्यावर कोण पुढे येणार? दुसरे म्हणतील, आदिवासींची बदनामी करताय. अहो, मी पाड्याचं नाव घेतो कारण दवाखाना पाड्यापासून लांब आहे. विषाणू जात विचारत नाही, गोदामाचा मॅनेजरही तपासा की.

गोळ्यांचंही बघा. सहा महिने भट्टीवर गेलेल्या माणसाने दर महिन्याला परत येऊन गोळ्या न्यायच्या? खंड पडला की विषाणू पुन्हा वाढतो. निघायच्या आधीच दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या द्या आणि पुढच्या त्याच्या मुक्कामाजवळच्या केंद्रात मिळतील याची सोय लावा. हे कागदावर शक्य आहे, पण करायचं कोणी?

पुढच्या ग्रामसभेत हा विषय मांडा. आरोग्य केंद्राकडे लेखी मागा: दिवाळीनंतर गाड्या भरायच्या आधी एक रविवार, प्रत्येक पाड्यावर, नवरा-बायको दोघांचीही. त्या दिवशी सरपंच आणि सदस्यांनी पहिलं बोट पुढे करावं, मीही रांगेत असेन.

कुणाला गुपचूप विचारायचं असेल तर १०९७ हा सरकारी नंबर मोफत आहे. कमेंटमध्ये कुणाचंही नाव लिहू नका. 'आमच्या गावात अमुक आहे' असं लिहिलं तर कमेंट उडवणार आणि लिहिणाऱ्याला ब्लॉक करणार, मग तो कितीही जवळचा असो.