तप्त लेखणीची निवड



सुटीच्या दिवसांत घरातील मुलांनी एखादे हस्तकौशल्य शिकावे, अशी प्रत्येक आईबापांची इच्छा असते. अलीकडे अनेक तरुणांचे मन लाकडावर तापलेल्या टोकाने अक्षरे व चित्रे उमटविण्याच्या कलेकडे ओढलेले दिसते. दारावरील नावाची पाटी, भिंतीवरील क्रूस, नाताळच्या गोठ्याची फळी अशा कितीतरी वस्तू या कलेने सुशोभित होतात. तिला पायरोग्राफी म्हणतात. मूळ ग्रीक शब्दांचा अर्थ अग्नीने लिहिणे असा आहे. रंधा व पटाशी यांवर हात बसलेला नसतानाही ती आरंभिता येते, हे तिचे वैशिष्ट्य होय. परंतु पहिले हत्यार विकत घेताना जो गोंधळ होतो, त्यात घरचा पैसा व्यर्थ जातो आणि प्रसंगी डोळ्यांस व फुप्फुसांसही इजा पोहोचते. यास्तव आज त्याविषयीच चार शब्द.

पूर्वी हे काम निखाऱ्यात तापविलेल्या लोखंडी सळईने होत असे. सळई चटकन निवे आणि रेष अर्ध्यावर फिकी पडे. १८७० नंतरच्या दशकात पाकेलँ नावाच्या एका फ्रेंच वैद्याने रुग्णास डागण्यासाठी प्लॅटिनमचे पोकळ टोक बनविले. बेन्झिनच्या वाफेमुळे ते सतत तप्त राही. वैद्याचे हे हत्यार लवकरच लाकडावर चित्रे काढणाऱ्यांनीही उचलले. उष्णता एकसारखी राखणे, हाच या कलेतील मुख्य प्रश्न तेव्हा होता आणि आजही तोच आहे.

आज बाजारात विजेवर चालणारी दोन प्रकारची हत्यारे मिळतात. पहिला प्रकार रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या सोल्डरिंग आयर्नसारखा असतो. त्यास पितळेचे भरीव टोक आट्यांनी बसविलेले असते. तो स्वस्त व टिकाऊ असतो. मात्र तापण्यास काही मिनिटे लागतात, निवण्यास त्याहून अधिक, आणि मूठ टोकापासून दूर असल्याने बारीक काम करताना हात थरथरतो. दुसऱ्या प्रकारात एक लहान पेटी असते आणि तिला जोडलेली हलकी लेखणी. लेखणीच्या टोकाशी नायक्रोमची तार असते. विजेच्या शेगडीतील वेटोळे ज्या धातूचे असते, तोच हा धातू. ही तार काही क्षणांतच तापते, बोटे टोकाजवळ ठेवता येतात आणि पेटीवरील बटण फिरवून आच कमीअधिक करता येते. किंमत अर्थातच बरीच जास्त असते.

मग नवशिक्याने काय घ्यावे? दुकानात वीस-चाळीस टोकांची पेटी पुढे केली जाते आणि मुलाचे डोळे दिपतात. वस्तुतः टोकांची संख्या पाहून हत्यार निवडणे म्हणजे बैल सोडून घुंगरांची पारख करणे होय. आरंभी तीनच टोके पुरतात: रेषेसाठी पाचरीसारखे, ठिपक्यांसाठी गोल आणि छाया भरण्यासाठी चमच्यासारखे चपटे. पाहावयाचे ते हे की, आच आपल्या ताब्यात राहते की नाही. ज्या भरीव टोकाच्या हत्यारास आच कमीअधिक करण्याची सोय आहे, ते सामान्य कुटुंबाने प्रथम घ्यावे. दोन-चार महिने मुलाचा उत्साह टिकला, हात स्थिर झाला, म्हणजे तारेच्या लेखणीचा विचार करावा. उत्साह ओसरलाच, तर फार मोठी रक्कम अडकून पडत नाही. हत्याराबरोबर ते टेकविण्याचा धातूचा स्टँड अवश्य घ्यावा. तो नसेल तर तापलेले हत्यार टेबलावर ठेवले जाते आणि घर पेटण्यास तेवढे निमित्त पुरते.

ज्यांचे आप्त परदेशी आहेत त्यांस एक विशेष सूचना. अमेरिकेत घरगुती वीज १२० व्होल्टची असते, आपल्याकडे २३० व्होल्टची. तिकडचे साधे हत्यार येथे थेट जोडल्यास त्यातून साडेतीनपटीहून अधिक शक्ती वाहते आणि ते क्षणार्धात जळते. म्हणून भेट आलेल्या हत्यारावरील आकडा वाचल्यावाचून ते विजेस लावू नये.

हत्याराइतकेच महत्त्व लाकडास आहे. फिकट रंगाचे, एकसारख्या पोताचे व पूर्ण वाळलेले लाकूड उत्तम. आपल्याकडील शिवण, हळदू आणि काळा कुडा ही चांगली लाकडे होत. कर्नाटकातील चन्नपट्टणची प्रसिद्ध खेळणी प्रामुख्याने काळ्या कुड्याची. साग गडद व तेलकट असल्याने त्यावर नवशिक्यास रेषेचा फरक कळत नाही. खोक्यांच्या पाइन लाकडात मऊ व कठीण पट्टे आळीपाळीने येतात, त्यामुळे टोक मऊ भागात रुतते व कठीण भागावर अडते.

आता सर्वांत गंभीर गोष्ट. लाकूड जळले की धूर होतो आणि तो थेट तोंडासमोर येतो. म्हणून रंग किंवा व्हार्निश दिलेल्या लाकडावर हे काम कदापि करू नये. एमडीएफच्या फळ्या व प्लायवुड यांत रासायनिक सरस असतो. त्याच्या धुरात फॉर्माल्डिहाइडसारखी विषारी द्रव्ये असतात. परदेशी मालाच्या खोक्यांवर कणसाच्या चिन्हाचा शिक्का असतो. त्यात ‘एमबी’ ही अक्षरे असतील, तर त्या लाकडास मिथिल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली आहे असे समजावे व ते वर्ज्य मानावे. ‘एचटी’ म्हणजे केवळ उष्णता दिलेले. परंतु त्यावरही काही सांडल्याचे डाग असल्यास ते घेऊ नये. कण्हेर, बिब्बा व काजू यांची लाकडेही टाळावीत, कारण त्यांच्यातील रस अपायकारक असतो. खिडकीपाशी बसावे आणि पंखा धूर बाहेर ओढील असा ठेवावा. टोकावर वारा आला तर ते निवते. नाकावर बांधलेल्या फडक्याने विषारी वायू अडत नाही.

पहिल्या आठवड्यात चित्र काढूच नये. एका फळीच्या तुकड्यावर दररोज अर्धा तास सरळ रेषा, वर्तुळे व अक्षरे काढावीत. टोक लाकडावर टेकवून थांबले की तेथे काळा ठिपका पडतो. म्हणून हात चालता असतानाच टोक टेकवावे आणि चालता असतानाच उचलावे. दाब देऊ नये. रेष गडद हवी असल्यास हात सावकाश न्यावा. टोकावर साचलेली काजळी वेळोवेळी पितळी ब्रशने काढावी. टोक बदलावयाचे असल्यास हत्यार पूर्ण निवू द्यावे, अन्यथा पितळेचे आटे झिजतात आणि बोटेही भाजतात.

आईबापांस शेवटची विनंती अशी. मुलास हत्यार देताना प्रथम त्याच्याकडून लाकूड ओळखून घ्या, खिडकीजवळची जागा ठरवा आणि काम संपताच विजेचा प्लग काढण्याची सवय लावा. लहान भावंडे घरात असतील तर निवेपर्यंत हत्याराजवळून कोणी उठू नये. एवढी शिस्त ज्या घरात पाळली जाते, तेथे मुलाच्या हाती साधेसे हत्यार असले तरी त्याच्या पाटीवरील अक्षर सुबक उमटेल.