परीक्षण नको म्हणणाऱ्यांना

वैद्यकीय जर्नलांच्या पीअर रिव्ह्यूविरुद्ध, म्हणजे छापण्याआधी तज्ज्ञांकडून होणाऱ्या परीक्षणाविरुद्ध, एक तक्रार डॉक्टरमंडळींत सर्रास ऐकू येते. पेपर महिनोन्‌महिने अडकवून ठेवतात, मग चार ओळींचा शेरा मारून परत पाठवतात, आणि इतके करूनही खोटे पेपर छापून येतातच. मग हा सोपस्कार हवा कशाला? सरळ प्रसिद्ध करा, खरेखोटे वाचक ठरवतील.

या तक्रारीच्या बाजूचा सर्वांत भक्कम दाखला मीच देतो. २२ मे २०२० रोजी ‘द लॅन्सेट’मध्ये हायड्रॉक्सिक्लोरोक्विनवरचा पेपर आला. ६७१ रुग्णालये, ९६ हजारांहून अधिक कोविडरुग्ण, आणि निष्कर्ष असा की हे औषध दिलेल्यांत मृत्यू जास्त. तीनच दिवसांत जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या चाचणीतला या औषधाचा भाग थांबवला. नंतर काही संशोधकांनी आकडे ताडून पाहिले. पेपरमधल्या ऑस्ट्रेलियन रुग्णालयांत २१ एप्रिलपर्यंत ७३ मृत्यू होते. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या नोंदीत त्या तारखेपर्यंत अख्ख्या ऑस्ट्रेलियात ६७. पेपरसाठी डेटा पुरवणाऱ्या सर्जिस्फिअर या कंपनीने मूळ डेटा तपासनिसांच्या हाती दिला नाही आणि ४ जूनला पेपर मागे घेण्यात आला.

परीक्षण येथे सपशेल फसले, यात वाद नाही. पण परीक्षणच नसते तर काय झाले असते, हेही याच कंपनीने दाखवून दिले आहे. तिच्याच डेटावरचा आयव्हरमेक्टिन या औषधाविषयीचा लेख परीक्षणाविना इंटरनेटवर आला आणि पेरूमध्ये उपचारांच्या शिफारशी ठरवताना त्याचा आधार घेतला गेला. ‘वाचक ठरवतील’ म्हणणाऱ्यांनी हा वाचक कोण, ते सांगावे. ओपीडीची रांग संपवून रात्री पेपर उघडणाऱ्या तालुक्याच्या डॉक्टरने कोष्टकांची बेरीज करत बसायचे काय?

ती बेरीज रिव्ह्यूअरने करायची असते. समजा, पहिल्या कोष्टकात १२० रुग्ण आहेत आणि तिसऱ्यात १०८. उरलेले बारा कुठे गेले? औषध सोसले नाही म्हणून सोडून गेले, की दगावले? या एका प्रश्नाने निष्कर्ष उलटू शकतो. उत्तर देताना लेखक विश्लेषण पुन्हा करतो, दावा आवरता घेतो, आणि सुधारलेला पेपर छापून येतो. ही दुरुस्ती वाचकाला कधी दिसत नाही. दिसतात ते निसटलेले पेपर, म्हणून बदनामी तेवढी पसरते.

फियोना गॉडली आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये एका पेपरात मुद्दाम आठ उणिवा पेरून तो शेकडो रिव्ह्यूअरांना पाठवला होता. प्रत्येकाने सरासरी दोनच पकडल्या. हा प्रयोग विरोधक नेहमी पुढे करतात. मला त्यातून एवढेच दिसते की एकट्या रिव्ह्यूअरवर विसंबू नये, संख्याशास्त्रज्ञाची नजर वेगळी हवी.

आणि मूळ डेटा समोर हवा. तो दाखवायला तयार नसलेल्याचा पेपर संपादकाने परीक्षणाला पाठवूच नये. सर्जिस्फिअरचे प्रकरण तिथेच थांबले असते. भारतात १५ जून २००९ पासून औषधचाचणी सुरू करण्याआधी सीटीआरआय या चाचण्यांच्या नोंदवहीत नोंदवणे सक्तीचे आहे. ती नोंद उघडून, चाचणीआधी ठरवलेले निकष पेपरात तेच राहिले आहेत का, हे पाहायला फार वेळ लागत नाही. ‘बीएमजे’ २०१४ पासून संशोधनपर पेपरांबरोबर रिव्ह्यूअरांचे अभिप्रायही नावानिशी प्रसिद्ध करते. आपल्याकडच्या जर्नलांनी तसे करावे. चार ओळींचे शेरे आपोआप कमी होतील.

उशिराची तक्रार मात्र खरी आहे, आणि तिचे कारण सर्वांना ठाऊक आहे. रिव्ह्यूअरला मानधन नाही. वैद्यकीय महाविद्यालयात बढतीसाठी छापलेले पेपर मोजले जातात, तपासलेले नाहीत. म्हणून पेपर लिहायला झुंबड आणि तपासायला माणूस नाही. शिवाय पैसे भरा आणि आठवड्यात छापून घ्या, असे सांगणारी जर्नले याच घाईवर पोसली गेली. बढतीच्या अर्जात परीक्षणाच्या कामालाही गुण द्या, ही मागणी घेऊन मी कोणत्याही समितीपुढे उभा राहायला तयार आहे.