पहिल्या उड्डाणाला कुणालाही बोलावू नका

गेल्या वर्षी एका मित्राच्या इंजिनीअरिंग कॉलेजच्या फेस्टमध्ये त्यांच्या टीमचं रिमोटवर चालणारं विमान पहिल्यांदा उडणार होतं. विमानाला हार, पुढे नारळ, आणि प्रमुख पाहुणे चक्क वेळेवर! मी कॅमेरा रोखून उभी. विमान सुटलं, उजवीकडे कललं. मित्राने डावीकडे वळवायला स्टिक दाबली, तर ते आणखीच उजवीकडे. चार सेकंदांत खेळ खलास. आदल्या रात्री सर्व्हो बदलताना एलेरॉन, म्हणजे पंखाच्या मागच्या हलत्या पट्ट्या, उलट्या जोडल्या गेल्या होत्या. तपासायला अर्धं मिनिट लागलं असतं. पण सर घड्याळाकडे बघत होते.

तेव्हापासून मला घरी विमान बांधणाऱ्या माणसांबद्दल फार कुतूहल आहे. कारण त्यांच्या विमानात ते स्वतः बसतात.

अमेरिकेत ही हौस चांगलीच रुजलेली आहे. विमानाचं किट खोक्यांतून घरी येतं आणि लोक गॅरेजमध्ये वर्षानुवर्षं पत्रे जुळवत, भोकं पाडत, हजारो रिव्हेट ठोकत बसतात. ओरेगनमधल्या व्हॅन्स एअरक्राफ्ट या एकाच कंपनीच्या किटमधून तयार झालेली 11 हजारांहून जास्त विमानं आजवर उडाली आहेत. नियम असा की निम्म्याहून अधिक काम हौशी माणसांनी, शिकण्यासाठी किंवा आनंदासाठी केलेलं असावं. बांधणाऱ्यांमध्ये एक जुना विनोद आहे : नव्वद टक्के झालं, आता फक्त नव्वद टक्के राहिलं!

ते राहिलेलं काम फोटोत दिसत नाही. विमान तीन काट्यांवर उभं करून वजन आणि गुरुत्वमध्य काढायचा. नाक वर धरल्यावरही टाकीतून इंजिनापर्यंत पुरेसं इंधन येतं का, ते मोजायचं. प्रत्येक नट घट्ट केला की त्यावर रंगाची बारीक रेघ ओढायची. रेघ तुटलेली दिसली तर नट फिरलाय. आणि हो, स्टिक डावीकडे नेली की डाव्या पंखावरचा एलेरॉन वर गेलाच पाहिजे. मग सरकारी तपासणी. त्यानंतरही साधारण 25 ते 40 तास ठरलेल्या भागातच चाचणी-उड्डाणं, प्रवासी न घेता.

पण मला सगळ्यात अवघड वाटते ती गोष्ट वेगळीच आहे. समजा, तुम्ही सात वर्षं प्रत्येक शनिवार-रविवार विमान बांधलंत. त्या सात वर्षांत विमान उडवलंत किती? वेळ आणि पैसा दोन्ही गॅरेजात गेले, हात गंजला. म्हणून तिथले अनुभवी लोक सांगतात : आधी त्याच जातीच्या दुसऱ्या विमानावर प्रशिक्षकासोबत सराव करा. 2014 पासून तर चाचणीच्या टप्प्यात ठरावीक अटींवर दुसरा पात्र पायलट सोबत नेण्याचीही मुभा आहे. स्वतःच्या विमानाचं पहिलं उड्डाण त्या जातीची विमानं रोज उडवणाऱ्या दुसऱ्या कुणाच्या हाती देणं, हे मला धाडसाचं काम वाटतं. माझी शॉर्टफिल्म दुसऱ्याने एडिट केली तरी मला तीन दिवस झोप लागत नाही, म्हणून म्हणते.

आणि दुसरी गोष्ट, तारीख जाहीर करायची नाही. पन्नास माणसं गाड्या काढून आली, आईने डबा आणला, तर वारा आडवा आहे म्हणून 'आज नको' म्हणायची हिंमत किती जणांत असेल? तुम्ही म्हणाल, ज्या बहिणीने पत्र्यामागून लोखंडी ठोकळा धरून रिव्हेट बसवायला मदत केली, तिला बघायचा हक्क नाही? आहे ना. तिला आग विझवायचं नळकांडं घेऊन उभं करा. रेडिओवर आणखी एक जण. बाकीच्यांना दहाव्या उड्डाणाला बोलवा, तेव्हा डबाही आणू दे.

आपल्याकडचं उदाहरण तुम्हाला आठवलंच असेल. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर बांधलेलं सहा आसनी विमान. ते किट नव्हतं, रचनाही त्यांचीच. 2016 मध्ये बीकेसीतल्या 'मेक इन इंडिया'मध्ये ते सगळ्यांनी पाहिलं, फोटो काढले. नोंदणी झाली 2017 मध्ये, उडवायची परवानगी मिळाली 2019 मध्ये, धुळ्यात चाचण्या झाल्या 2020 मध्ये. परवानगीला इतकी वर्षं लागावीत याचा राग येतोच, यायलाच हवा. पण आपण बातमीवाले (म्हणजे मीही) 'कधी उडणार?' एवढंच विचारतो. 'काय काय तपासून झालं?' हे कुणी विचारत नाही, कारण त्याची हेडलाइन होत नाही.

मित्राच्या टीमने विमान पुन्हा बांधलं. एका मंगळवारी पहाटे साडेसहाला, हॉस्टेलमागच्या मैदानावर, चौघांनीच ते उडवलं. मला कळलं शुक्रवारी. फोटो एकही नाही. मी जाम भांडले त्याच्याशी.