केळें : त्याचे गुण आणि त्याच्या मर्यादा

ज्या वस्तु आपल्या घरीं बारा महिने असतात, त्यांच्यासंबंधीं आपलें ज्ञान बहुधा ऐकीव असतें. केळें हें त्यांपैकींच एक होय. सत्यनारायणाच्या प्रसादांत तें हवें, उपवासास तें चालतें, पाहुणा अवेळीं आला तर शिकरणाच्या रूपानें तें यजमानाची लाज राखतें. आणि दांत नसलेल्या आजोबांपासून नुकत्याच उष्टावण झालेल्या बाळापर्यंत सर्वांस तें खातां येतें. इतक्या परिचयाच्या फळाविषयीं घरोघर मतभेद मात्र पुष्कळ. सासूबाई म्हणतात, केळ्यानें कफ होतो. सूनबाई म्हणतात, केळ्यानें रक्त वाढतें. आणि कॉलेजांत जाणारे चिरंजीव म्हणतात, दोन केळीं खाल्लीं कीं जेवणाची गरज नाहीं! यांत खरें किती, याचा विचार या महिन्यांत करूं.

अमरकोशांत केळीस कदली, रंभा, मोचा, अंशुमत्फला अशीं नांवें दिलीं आहेत. आपण केळीचें झाड म्हणतों खरें. पण शास्त्रदृष्ट्या तो वृक्ष नव्हे, तृणासारखी एक थोर वनस्पति आहे. जें खोड म्हणून दिसतें तीं एकावर एक गुंडाळलेलीं सोपटें असतात. संस्कृत कवींनीं निःसारतेस कदलीस्तंभाची उपमा दिली, ती म्हणूनच यथार्थ आहे. फळ मात्र निःसार नाहीं.

सोललेलें मध्यम आकाराचें केळें सुमारें ११८ ग्रॅम भरतें. त्यांत सुमारें १०५ उष्मांक, २७ ग्रॅम कर्बोदकें, ३ ग्रॅम तंतु आणि ४२० मिलिग्रॅम पोटॅशियम असतें. बी-६ हें जीवनसत्त्व प्रौढ माणसाच्या रोजच्या गरजेच्या सुमारें चतुर्थांश मिळतें. प्रथिनें जेमतेम १ ग्रॅम, स्निग्धांश नाममात्र. लोह एक मिलिग्रॅमच्या तृतीयांशाइतकेंही नाहीं, आणि कॅल्शियम तर ६ मिलिग्रॅमच्या आसपास. तेव्हां केळ्यानें रक्त वाढतें हें म्हणणें टिकत नाहीं. बाळंतिणीस किंवा वाढत्या मुलीस रक्तासाठीं अळीव, पालेभाज्या आणि कडधान्यें द्यावीं. केळें त्यांच्या जागीं नव्हे, त्यांच्या जोडीस असावें. तीच गोष्ट चिरंजीवांची. दोन केळ्यांनीं भूक भागते, पण वरण-भाताची प्रथिनें त्यांतून मिळत नाहींत.

केळ्याचा खरा गुण पोटॅशियम आणि तंतु यांत आहे. आहारांत पोटॅशियम पुरेसें असलें म्हणजे वाढलेला रक्तदाब उतरण्यास साहाय्य होतें. प्रौढांच्या पोटांत रोज निदान ३५१० मिलिग्रॅम पोटॅशियम जावें आणि मीठ ५ ग्रॅमच्या आंत असावें, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेनें २०१२ सालीं केली. एका केळ्यानें या पोटॅशियमचा सुमारें अष्टमांश मिळतो. परंतु पानाच्या डाव्या बाजूस लोणचें, पापड आणि खारवलेली मिरची नित्य वाढून शेवटीं एक केळें खाल्ल्यानें मिठाचें परिमार्जन होतें, असें कोणीं समजूं नये.

कच्चें केळें आणि पिकलें केळें यांचे गुण भिन्न आहेत. कच्च्यांत पिष्ट भरपूर असतें. पिकतांना त्याची बहुतेक साखर होते. कच्च्या केळ्यांतील पिष्टाचा बराच भाग लहान आंतड्यांत न पचतां पुढें जातो आणि तेथें तंतूप्रमाणें कार्य करितो. बांगलादेशांत दीर्घकाळ अतिसार झालेल्या मुलांस भातांतून शिजवलेलें कच्चें केळें देऊन पाहिलें. त्यांचा अतिसार नुसता भात खाणाऱ्या मुलांपेक्षां लवकर आटोक्यांत आला, असें २००१ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत आढळलें. आपल्याकडे मुलास जुलाब लागले कीं त्याचें खाणें बंद करण्याची चाल अद्याप कांहीं घरांत आहे. ती सोडून द्यावी. प्रथम जलसंजीवनी आणि त्यासोबत मऊ भात, केळें असा हलका आहार चालू ठेवावा. मूल मलूल झालें, डोळे खोल गेले किंवा लघवी कमी झाली, तर क्षणाचाही विलंब न करितां डॉक्टरांकडे न्यावें.

पण अनुभव खरा असला तरी त्याचें कारण खोटें असूं शकतें, याचेंही उदाहरण केळ्याच्या इतिहासांतच आहे. अमेरिकेंतील डॉ. सिडने हास यांनीं १९२४ सालीं सीलिअॅक नांवाच्या आंतड्याच्या विकारानें झिजणाऱ्या मुलांसाठीं केळ्यांचा आहार सुचविला. मुलें खरोखर सुधारलीं, आणि श्रेय केळ्यास मिळालें. पुढें विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञांनीं दाखविलें कीं, या मुलांचा वैरी गहूं आहे. केळीं खातांना गहूं बंद होता म्हणून मुलें सुधारत. गहूं सुरू होतांच व्याधि परत येई. घरगुती औषधांविषयीं बोलतांना आपण सर्वांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी.

आतां कफाविषयीं. सर्दी-पडसें विषाणूंच्या संसर्गानें होतें, केळ्यानें नव्हे. एखाद्यास केळें सोसत नसेल तर त्यानें तें खाऊं नये, पण त्यासाठीं साऱ्या मुलांचें केळें तोडण्याचें कारण नाहीं. चरकसंहितेंत दुधाशीं विरुद्ध म्हणून जीं फळें सांगितलीं आहेत त्यांत मोच, म्हणजे केळें, येतें. आणि आपण तर पिढ्यान् पिढ्या शिकरण खात आलों! निरोगी माणसास त्यापासून अपाय होतो असा पुरावा आधुनिक आहारशास्त्रास मिळालेला नाहीं. मधुमेह्यांनीं मात्र साखर घातलेलें शिकरण टाळावें. लहानसें, फार न पिकलेलें केळें त्यांस डॉक्टरांच्या अनुमतीनें घेतां येतें. तेंही भात-पोळीच्या वरती नव्हे, तितका भात कमी करून.

येथवर केळ्याची बाजू झाली. आतां जी गोष्ट सांगावयाची तिच्यासाठींच हा विषय घेतला आहे. माझ्या एका स्नेह्यांचे वडील बंधु मूत्रपिंडाच्या विकारानें डायालिसिसवर होते. आषाढी एकादशीस त्यांनीं हट्टानें उपवास केला. सूनबाईंनीं भक्तिभावानें केळीं, बटाट्याचा कीस, रताळीं आणि शहाळें असें सर्व कांहीं दिलें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्यांच्या हातापायांतील शक्ति गेली आणि नाडी मंद झाली. रुग्णालयांत रक्त तपासलें, तों पोटॅशियम भलतेंच वाढलेलें. तांतडीनें डायालिसिस केल्यामुळें ते वांचले. घरांत मात्र दोष सूनबाईंच्या माथीं आला.

वस्तुतः निरोगी मूत्रपिंडें जास्तीचें पोटॅशियम लघवीवाटे टाकून देतात, म्हणून तुम्हां-आम्हांस केळ्याचें भय नाहीं. मूत्रपिंडें निकामी झालीं कीं तेंच पोटॅशियम रक्तांत सांठतें, आणि तें फार वाढलें तर हृदय थांबूं शकतें. आपल्या उपवासाचे बहुतेक पदार्थ, म्हणजे केळें, बटाटा, रताळें, खजूर, शहाळें, पोटॅशियमनें भरलेले आहेत. रक्तदाबाचीं कांहीं औषधेंही पोटॅशियम वाढवितात. आणि कमी सोडियमचें म्हणून मिळणाऱ्या मिठांत बहुधा पोटॅशियमच घातलेलें असतें. हें त्या माउलीस कोणीं सांगितलें होतें? पथ्याचा कागद थोरल्या मुलाच्या कपाटांत होता आणि स्वयंपाक ती करीत होती.

एकत्र कुटुंबांत औषध एकजण आणतो, डॉक्टरांशीं दुसरा बोलतो आणि ताट तिसरी वाढते. म्हणून माझी विनंती अशी कीं, घरांत कोणास मूत्रपिंडाचा, हृदयाचा वा मधुमेहाचा विकार असेल, तर डॉक्टरांकडे जातांना स्वयंपाक करणारीस बरोबर न्यावें, तिला प्रश्न विचारूं द्यावे, आणि पथ्याचा कागद मोठ्या अक्षरांत लिहून स्वयंपाकघराच्या भिंतीवर लावावा. व्रताविषयीं म्हणाल, तर आजाऱ्यास धर्मग्रंथांनींच सवलत दिली आहे. त्याच्या वतीनें पुत्रानें किंवा पत्नीनें उपवास करावा, अशीही मुभा आहे. तेव्हां येत्या एकादशीस अशा वडीलधाऱ्यांचा उपवास मुलानें आपणाकडे घ्यावा, आणि त्यांच्या पानांत डॉक्टरांनीं सांगितलें असेल तेंच वाढावें. इतरांनीं केळें अवश्य खावें.