गोठ्यातील क्षय आणि रक्ताची परीक्षा

धारोष्ण दुधाचा पेला मुलाच्या हाती देणारी माता आम्ही गावोगाव पाहतो. तिचे प्रेम खरे. परंतु गाय धष्टपुष्ट दिसली म्हणजे निरोगी असतेच असे नाही. गुरांचा क्षय कित्येक महिने लपून राहतो आणि तेवढ्या काळात शेजारच्या दाव्याची गाय व निरसे दूध पिणारे मूल या दोघांनाही त्याचा धोका असतो. यास्तव रोग वेळीच ओळखणे हेच महत्त्वाचे.

जुनी परीक्षा कातडीची. रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञाने १८९० साली पुढे आणलेले ट्यूबरक्युलिन औषध म्हणून फसले. निदानास मात्र उपयोगी पडले. ते जनावराच्या कातडीत टोचून ७२ तासांनी सूज मोजतात. म्हणजे जनावर दोनदा धरणे आले. ऑस्ट्रेलियाच्या अफाट कुरणांत हे अतिशय जिकिरीचे होते. तेथील शास्त्रज्ञांनी १९८० नंतरच्या दशकात रक्ताची परीक्षा शोधली. रक्तात ट्यूबरक्युलिन मिसळून ते रात्रभर उबेत ठेवतात. क्षयजंतूंशी पूर्वी गाठ पडलेल्या पांढऱ्या पेशी तेव्हा इंटरफेरॉन गॅमा नावाचे द्रव्य सोडतात; ते मोजले की निदान होते. जनावर एकदाच धरले की पुरे.

तथापि रक्त ताजे असताना प्रयोगशाळेत पोचावे लागते आणि निरोगी गायीवरही क्वचित ठपका येतो. गरिबाची एकुलती दुभती गाय चुकून रोगी ठरावी, हे लहान संकट नव्हे.

दुसरी अडचण लसीची. बी.सी.जी. टोचलेली गाय जुन्या परीक्षेत रोगी भासू शकते. म्हणून त्या लसीच्या जंतूत नसलेली, पण खऱ्या रोगजंतूत असलेली प्रथिने वापरून नव्या परीक्षा घडविल्या जात आहेत. आपल्या देशात बहुतेक राज्यांत गोहत्येवर कायद्याने बंदी असल्याने रोगी गाय मारण्याचा मार्ग अवघड आहे. तेव्हा लस आणि असा भेद सांगणारी परीक्षा आपणांस विशेष मोलाची.

ती आपल्या दारी येईपर्यंत एवढे करावे: दूध उकळल्यावाचून कोणासही देऊ नये. खंगणारी, खोकणारी गाय वेगळी बांधून पशुवैद्यास दाखवावी. आणि तिला बाजारात गुपचूप विकू नये. तसे करणे म्हणजे आपला रोग शेजाऱ्याच्या गोठ्यात नेऊन बांधणेच होय.