उपदेश पुरे, दाम द्या!

महामारीच्या काळात कामाचा ताण कसा सोसावा, यावर उपदेशांचा पूर आला होता. दीर्घ श्वास घ्या, ध्यान करा, मन प्रसन्न ठेवा! आम्ही धर्मगुरूही मागे नव्हतो. देवावर भार टाका, असे सांगून मोकळे झालो. आज आम्हांस त्याची लाज वाटते.

भोर आणि वेल्हे (आताचा राजगड) हे पुणे जिल्ह्यातील डोंगराळ तालुके. भाटघर, पानशेतच्या जलाशयांभोवती वाड्यावस्त्या विखुरलेल्या. अशा मुलखात २०२० साली घरोघर जाऊन ताप पाहणे, बाहेरगावाहून आलेल्यांची नोंद ठेवणे, हे काम कोणाच्या शिरी पडले? आशा स्वयंसेविकांच्या. त्याच सप्टेंबरात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम निघाली, तेव्हाही दारोदार त्याच गेल्या. संध्याकाळी घरी परतावे, तर स्वतःच्या लेकरांना जवळ घेण्याची भीती! आणि शासनदरबारी त्या कर्मचारी नव्हेत, ‘स्वयंसेविका’. त्यांना वेतन नव्हे, मानधन.

२२ मार्च २०२० रोजी देशाने आरोग्यसेवकांसाठी थाळ्या वाजवल्या. १५ जून २०२१ रोजी राज्यातील सुमारे ७० हजार आशांनी संप पुकारला, तेव्हा मात्र ‘ऐन साथीत संप?’ असे विचारणारे पुष्कळ निघाले. आमचा उलट प्रश्न आहे : ऐन साथीत तुटपुंज्या पैशांवर राबवून घेणे कोणत्या नीतीत बसते? आठवडाभराने तडजोड झाली. दरमहा १००० रुपये वाढ आणि ५०० रुपये कोविड भत्ता. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आशांचा गौरव केला. तरीही २०२३ मध्ये त्यांना पुन्हा संपावर जावे लागले.

कामाने माणूस पार थकून जातो, ती अवस्था कामाच्या ठिकाणच्या दीर्घ, न हाताळलेल्या ताणातून येते, असे याच संघटनेने २०१९ मध्ये नमूद केले. मग औषध केवळ थकलेल्याच्या मनाला का? कामाच्या रचनेला का नको?

प्रार्थनेने बळ मिळते, हे आम्ही नाकारीत नाही. पण प्रार्थना ही मजुरीची भरपाई नव्हे. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ मध्ये ‘रेरुम नोव्हारुम’ या विश्वपत्रात न्याय्य वेतनाचा आग्रह धरला, तो दयेपोटी नव्हे, न्यायापोटी. ‘सेवा’ हा आमच्या वेदीवरचा शब्द; कुणाचा दाम बुडवण्यासाठी तो वापरला जाऊ नये.

म्हणून आमच्या धर्मग्रामातील कुटुंबांना, संस्थांना आणि स्वतःलाही आमचे सांगणे आहे : घरची मोलकरीण असो, दवाखान्यातील परिचारिका असो वा शाळेतील शिपाई, तिला वा त्याला धीराचा उपदेश करण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा. पगार वेळेवर दिला का? सुट्टी दिली का? आजारपणात पाठीशी उभे राहिलो का? उत्तर ‘नाही’ असेल, तर उपदेश आवरा.